जुना हायजॅकधिस, नवा मालक आणि ‘फाइल मिसिंग’च्या त्रेसष्ट ओळी

तुमच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. तालुक्याच्या गावी तुमचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. एका गिऱ्हाइकाचे विंडोज १० चे ६४-बिट मशीन तुमच्याकडे आले. ब्राउझर उघडला की मध्येच जुगाराच्या आणि झटपट कर्जाच्या जाहिराती येतात, अशी त्याची तक्रार आहे. विंडोजमध्ये काय काय आपोआप चालते त्याची यादी, म्हणजे लॉग, काढणारे हायजॅकधिस हे टूल तुम्ही जुन्या पेनड्राइव्हवरून चालवले (आवृत्ती २.०.२), तेव्हा लॉगमधल्या ओ२३ या विभागातल्या, म्हणजे सर्व्हिसेसच्या, त्रेसष्ट ओळींपुढे ‘फाइल मिसिंग’ असे आले. त्यातच एका मित्राने तुम्हाला सांगितले की हे टूल मूळ माणसाने एका कंपनीला विकले, त्या कंपनीनेही पुढे ते सोडून दिले आणि आता तिसराच कोणी त्याच्या नव्या आवृत्त्या काढतो; तेव्हा जुनेच वापर, नव्याला हात लावू नकोस. म्हणून तुम्ही विचारता की मालक बदललेल्या टूलचे अपडेट घ्यावे की नाही, आणि त्या त्रेसष्ट ओळी फिक्स कराव्यात की नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थांबण्यासारखे नाही, म्हणून ते आधी देतो: त्यातल्या एकाही ओळीला टिक करू नका. त्या त्रेसष्ट फायली बहुतेक सगळ्या जागच्या जागी आहेत. त्या पाहण्याची दृष्टी तुमच्या पेनड्राइव्हवरच्या आवृत्तीकडे नाही. असे का होते हे समजले की पहिल्या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर त्यातच मिळते.

एक गंमत मात्र नोंदवतो. तुम्ही ज्याला ‘जुने, मूळ’ म्हणता ते २.०.२ मुळात मूळ मालकाचे नाहीच. हायजॅकधिस लिहिले नेदरलँड्समधल्या मेरैन बेलेकोम या विद्यार्थ्याने, व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये. ते दिवस इंटरनेट एक्स्प्लोररचे आणि त्याचे होमपेज पळवणाऱ्या कूलवेबसर्चचे होते. सकाळी होमपेज नीट केले की दुपारी परत तेच भलते शोधपान दिसायचे, आणि अँटिव्हायरस मात्र सगळे आलबेल असल्याचे सांगायचा. त्याच बेलेकोमने कूलवेबसर्चवर सीडब्ल्यूश्रेडर नावाचे छोटे टूल काढले होते. ते २००४ मध्ये इंटरम्यूट या कंपनीकडे गेले आणि २००५ मध्ये अँटिव्हायरस बनवणाऱ्या ट्रेंड मायक्रोने इंटरम्यूटच विकत घेतली. हायजॅकधिस स्वतः मार्च २००७ मध्ये ट्रेंड मायक्रोकडे गेले. बेलेकोमच्या काळातली आम्हा सगळ्यांच्या हातात बसलेली आवृत्ती होती १.९९.१, २.० पासून पुढच्या आवृत्त्या कंपनीच्या. म्हणजे मालक बदलल्याची भीती तुम्हाला आज वाटते आहे, पण दुसऱ्या मालकाची आवृत्ती तुम्ही इतकी वर्षे निर्धास्तपणे वापरत आला आहात, आणि त्यात तुमचे काही चुकलेही नाही.

तो बदल झाला तेव्हा आमच्या धंद्यातही अशीच कुजबुज झाली होती. एका माणसाने आवडीने केलेले फुकट टूल मोठ्या कंपनीकडे जाते तेव्हा पहिली शंका हीच येते की आता ते पैसे मागेल, जाहिरात दाखवेल, नाहीतर कंपनीचा अँटिव्हायरस गळ्यात मारेल. प्रत्यक्षात टूल फुकटच राहिले. नवीन असे ठळकपणे दिसले ते ‘ॲनलाइजधिस’ हे बटण, जे दाबले की लॉगमधली माहिती कंपनीकडे जाऊन इतरांच्या लॉगशी ताडली जायची. मला ते बटण कधीच आवडले नाही. एखादी ओळ किती लोकांच्या मशीनवर सापडते, यावरून ती चांगली की वाईट हे ठरत नाही. सगळ्या गल्लीत डेंग्यू असला म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. पण ते बटण दाबणे तुमच्या हातात होते, हे कंपनीच्या बाजूने सांगितले पाहिजे. पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये ट्रेंड मायक्रोने टूलचा सोर्स कोड सोर्सफोर्ज या खुल्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर खुला केला. तुमचा मित्र ज्याला ‘सोडून दिले’ म्हणतो ते हे. माझ्या मते कंपनीने त्या टूलसाठी केलेले सर्वांत मोठे काम तेच होते, कारण कोड खुला नसता तर आज तुमच्यासमोर नव्या आवृत्तीचा पर्यायच उरला नसता.

आता त्या त्रेसष्ट ओळींकडे येऊ. हायजॅकधिस हे पंचनामा करणारे टूल आहे. विंडोज सुरू होताना आणि ब्राउझर उघडताना काय काय आपोआप चालते ते ते पाहते आणि जसेच्या तसे लिहून काढते: होमपेज आणि शोधपान आर०, आर१ मध्ये, होस्ट्स फाइल ओ१ मध्ये, ब्राउझरला चिकटलेले मदतनीस ओ२ मध्ये, टूलबार ओ३ मध्ये, स्टार्टअपच्या नोंदी ओ४ मध्ये, डीएनएसचे (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचे) पत्ते ओ१७ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टव्यतिरिक्तच्या सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम, ओ२३ मध्ये. यांतले चोर कोण आणि साव कोण हे ते सांगत नाही. तो निवाडा वाचणाऱ्याने करायचा असतो. म्हणूनच पंचनामा खरा असणे फार महत्त्वाचे. पंचाने चुकीच्या खोलीत जाऊन ‘कपाट जागेवर नाही’ असे लिहिले तर पुढची सगळी चौकशी फुकट जाते.

तुमच्याकडे नेमके तेच झाले आहे. व्हिज्युअल बेसिक ६ मधून फक्त ३२-बिट प्रोग्रॅम तयार होतो. ६४-बिट विंडोजवर असा प्रोग्रॅम ‘सिस्टिम३२’ हा फोल्डर मागतो, तेव्हा विंडोज त्याला काही न सांगता शेजारच्या ‘सिसवाउ६४’ फोल्डरमध्ये नेऊन उभे करते, कारण ३२-बिट प्रोग्रॅमना लागणाऱ्या फायली तिथे ठेवलेल्या असतात. ही व्यवस्था जुने प्रोग्रॅम बिनबोभाट चालावेत म्हणून आहे आणि नेहमीच्या प्रोग्रॅमसाठी ती सोयीचीच आहे. पण छपाईची सर्व्हिस चालवणारी ‘स्पूलएसव्ही’ ही फाइल फक्त खऱ्या सिस्टिम३२ मध्ये असते. शेजारच्या खोलीत ती सापडत नाही, म्हणून हायजॅकधिस प्रामाणिकपणे लिहिते: ‘अननोन ओनर’, ‘फाइल मिसिंग’. फाइलच हाती लागली नाही तर तिच्या आतले कंपनीचे नाव तरी कसे वाचणार? त्यामुळे मायक्रोसॉफ्टचीच सर्व्हिस बेवारशी ठरते, आणि एरवी गाळल्या गेलेल्या विंडोजच्या सर्व्हिसेस रांगेने यादीत येऊन बसतात. तुमच्या लॉगमध्ये ‘एएलजी’, ‘स्पूलर’, ‘फॅक्स’, ‘की-आयएसओ’ ही नावे असणार, हे लॉग न पाहताही मला सांगता आले असते.

हे इथेच संपत नाही, आणि माझ्या दृष्टीने खरा धोका पुढचा आहे. असाच वळसा रजिस्ट्रीतही, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतही, घातला जातो. सगळ्या युजरसाठी असलेली ‘रन’ ही नोंद जुने टूल वाचायला जाते, तेव्हा त्याला ‘वाउ६४३२नोड’च्या खालची ३२-बिटची प्रत दाखवली जाते, मूळ ६४-बिटची नोंद त्याच्या नजरेसच पडत नाही. शिवाय विंडोज व्हिस्टापासून बदललेल्या टास्क शेड्यूलरमधली कामे, क्रोम आणि एजची एक्स्टेन्शन्स, यांची त्याला खबरच नाही, कारण ते इंटरनेट एक्स्प्लोररच्या जगात जन्मले आणि तो ब्राउझर मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला. म्हणजे जी त्रेसष्ट माणसे घरात आहेत ती नाहीत असे हा पंच लिहितो, आणि मागच्या दाराने कोणी आत आले असेल तर ते त्याला दिसत नाही. तरीही लॉग तसाच नीटनेटका, नेहमीच्या ओळखीच्या ओळींचा निघतो, आणि माणूस फसतो तो त्यामुळेच.

मी स्वतः यात तोंड पोळून घेतले आहे. २०१० च्या जुलैअखेरीची गोष्ट आहे. एका कर सल्लागारांचे नवे विंडोज ७ चे ६४-बिट मशीन हळू चालते म्हणून दुकानात आले होते. मी बाहेर होतो आणि नुकत्याच कामाला लागलेल्या मुलाला ‘हायजॅकधिस चालवून ठेव’ एवढेच सांगून गेलो होतो. त्याने चालवून ठेवले, आणि फाइल मिसिंग म्हणजे व्हायरसचा उरलेला कचरा, अशा सरळ समजुतीने चौदा-पंधरा ओळींना टिक करून ‘फिक्स’ही दाबले. ओ२३ च्या ओळीवर फिक्स दाबले की टूल ती सर्व्हिस थांबवते आणि पुढे सुरू होऊ नये म्हणून डिसेबल करते. फाइल पुसत नाही, हे नशीब. रात्री साडेनऊला सल्लागारांचा फोन आला: रिटर्न भरले जाते आहे, पण बंगळूरला पोस्टाने पाठवायच्या आयटीआर-व्हीची, म्हणजे रिटर्नच्या पोचपावतीची, प्रिंटच निघत नाही, प्रिंटरच दिसेनासे झाले आहेत. मी तिथे गेलो, सर्व्हिसेसची यादी उघडली, प्रिंट स्पूलर ‘डिसेबल्ड’ दिसला, तो पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करून सुरू केला आणि मग बाकीच्या सगळ्या एकेक करून लावल्या. त्या मुलाला मी रागावलो नाही. त्याला काय दिसेल हे मला ठाऊक असायला हवे होते आणि ते नव्हते, कारण तोवर आमच्याकडे येणारी जवळपास सगळी मशीन ३२-बिटची होती. टूल तेच राहिले होते आणि त्याच्या खालची जमीन बदलली होती.

म्हणून ‘जुने आहे, कोणी हात लावलेला नाही, म्हणजे शुद्ध आहे’ हा तुमच्या मित्राचा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. फाइलमध्ये कोणी काही घुसडलेले नसेल, या अर्थाने ती शुद्ध असेल. पण रोगनिदानाचे टूल शब्दकोशासारखे कपाटात ठेवून टिकत नाही. ज्या विंडोजकडे पाहून ते लिहिले गेले ती विंडोज गेली की त्याचे म्हणणेही खोटे ठरू लागते. अपडेट न घेण्याचीही किंमत असते, आणि तुमच्या बाबतीत ती त्रेसष्ट ओळींची आहे.

तरीही मालक बदलल्यावर येणारे अपडेट डोळे मिटून घ्यावे, असे मी म्हणत नाही. मालक बदलल्याने काय होते हे प्रसंगावर अवलंबून आहे, आणि मी माझ्या डोळ्यांदेखत तीन-चार तऱ्हा पाहिल्या आहेत.

मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांची विंडोजच्या तपासणीची ‘सिसइंटर्नल्स’ ही टूल्स जुलै २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेली. त्याच्या आदल्याच वर्षी रसिनोविच यांनी सोनीच्या गाण्यांच्या सीडीतून मशीनमध्ये शिरून लपून बसणारे रूटकिट उघडकीस आणले होते, त्यामुळे आता हा माणूस मोठ्या कंपनीत गेल्यावर असे काही लिहील का, अशी हळहळ पुष्कळांना वाटली. काही गमावलेही: काही टूल्सचा सोर्स कोड पूर्वी पाहायला मिळायचा तो बंद झाला, आणि प्रत्येक टूल पहिल्यांदा उघडताना परवान्याची खिडकी आडवी येऊ लागली. पण ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या नोंदी दाखवणारे) आणि प्रोसेस एक्स्प्लोरर (चालू प्रोग्रॅम दाखवणारे) ही दोन टूल्स आजही विंडोजच्या बरोबरीने चालत आली आहेत, फुकट आहेत, आणि २०१४ पासून प्रोसेस एक्स्प्लोररमध्ये व्हायरसटोटलची, म्हणजे अनेक अँटिव्हायरसांचे मत एकदम देणाऱ्या संकेतस्थळाची, तपासणीही आली. माझ्या रोजच्या वापरात ऑटोरन्स आहे ते यामुळेच.

दुसरी तऱ्हा जाहिरातींचे प्रोग्रॅम काढून टाकणाऱ्या ॲडब्ल्यूक्लीनरची. फ्रान्समधल्या दोघातिघांनी वाढवलेले ते टूल ऑक्टोबर २०१६ मध्ये मालवेअरबाइट्सने घेतले. त्याचे रूप बदलले, पण टूल जिवंत राहिले आणि फुकटही राहिले. त्याच कंपनीने त्याआधी २०१५ मध्ये घेतलेले जंकवेअर रिमूव्हल टूल मात्र २०१८ मध्ये बंद केले. एकाच घरात गेलेल्या दोन टूल्सपैकी एक नांदले, एक मिटले. म्हणून ‘कंपनीने घेतले म्हणजे संपले’ किंवा ‘कंपनीने घेतले म्हणजे भले झाले’ यांपैकी कोणतेही विधान मी करणार नाही.

तिसरी तऱ्हा सीक्लीनरची, आणि तिची आठवण मी प्रत्येक शिकाऊ मुलाला करून देतो. ते निदानाचे टूल नव्हे, सफाईचे आहे, पण धडा आपल्या उपयोगाचा आहे. सीक्लीनर बनवणारी पिरिफॉर्म ही कंपनी जुलै २०१७ मध्ये अव्हास्टने विकत घेतली. १५ ऑगस्ट २०१७ रोजी ५.३३ ही आवृत्ती निघाली, आणि तिच्या ३२-बिट फाइलमध्ये हल्लेखोरांनी आपला कोड मिसळलेला होता. ती कंपनीच्याच सर्व्हरवरून उतरत होती आणि तिच्यावर कंपनीची खरीखुरी डिजिटल सही होती. ती सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर पोहोचली. सप्टेंबरात सिस्को टॅलॉसच्या संशोधकांनी ते जाहीर केले. लोक म्हणाले, बघा, मालक बदलला आणि लगेच घात झाला. पुढच्या तपासात दिसले ते वेगळेच: हल्लेखोर पिरिफॉर्मच्या संगणकांत मार्चमध्येच, म्हणजे व्यवहाराच्या आधी, शिरलेले होते. नव्या मालकाने घर घेतले तेव्हा चोर माळ्यावर बसलेला होता. यातून मी दोन गोष्टी घेतल्या: एक, मालकाच्या नावावरून सुरक्षितता ठरत नाही, दोन, आलेले प्रत्येक अपडेट पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालवायचे नाही. मी नवी आवृत्ती आधी दुकानातल्या रिकाम्या मशीनवर पंधरवडाभर वापरतो. घाई करण्यासारखे त्यात काही नसते.

आणखी एक बाजू आहे, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही: टूलचा मालक तोच राहतो, पण ते जिथून उतरवायचे त्या जागेचा मालक बदलतो. हायजॅकधिसचा कोड ज्या सोर्सफोर्जवर ठेवला गेला, ती जागा त्याच वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये, डाइस होल्डिंग्जकडे गेली. पुढच्या वर्षी तिथे डेव्हशेअर नावाची योजना आली, जिच्यात काही प्रोग्रॅमांच्या इन्स्टॉलरबरोबर जाहिरातींचे सामान जोडले जायचे. मे २०१५ मध्ये गिंप या चित्रे संपादित करण्याच्या फुकट प्रोग्रॅमच्या विंडोज आवृत्तीवरून त्याचा मोठा बभ्रा झाला. जानेवारी २०१६ मध्ये ती जागा पुन्हा विकली गेली आणि नव्या मालकाने आल्या आल्या ती योजना बंद केली. म्हणजे एकदा मालक बदलल्याने बिघडले आणि एकदा मालक बदलल्यानेच सुधारले. माझ्या अनुभवात दुकानदार फसतो तो बहुतेक वेळा टूलच्या मालकामुळे फसत नाही. शोधयादीत वर दिसलेल्या भलत्याच डाउनलोडच्या पानामुळे फसतो. तिथे हिरव्या रंगाची तीन बटणे असतात आणि त्यांतले एकही खरे नसते.

तेव्हा नवी आवृत्ती हाती आल्यावर मी स्वतः काय पाहतो ते सांगतो. पहिले, फाइल तिच्या कर्त्याच्या स्वतःच्या पानावरून आली आहे का. दुसरे, फाइलवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सहीचा भाग आहे का, आणि असल्यास नाव कोणाचे आहे; एकट्या माणसाच्या टूलवर विकतची सही नसणे समजण्यासारखे आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या म्हणवल्या जाणाऱ्या टूलवर ती नसेल तर मी फाइल तिथेच पुसतो. सीक्लीनरच्या प्रकरणानंतर सही असली की झाले, असे मी मानत नाही. पण सही नसेल तर मात्र नक्की थांबतो. तिसरे, कर्त्याने फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, दिला असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजच्याच सर्टयुटिलने तो काढून ताडून पाहतो. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. आणि चौथे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: टूल बाहेर काय पाठवते. निदानाचा लॉग हा गिऱ्हाइकाच्या घरातला पंचनामा असतो. त्यात युजरचे नाव असते, फोल्डरच्या मार्गांत कधी कधी पूर्ण आडनाव असते, कोणत्या बँकेचे सॉफ्टवेअर आहे, टॅली कुठे ठेवली आहे, ऑफिसचा डीएनएस कोणता, हे सगळे असते. ऑटोरन्समधून व्हायरसटोटलला विचारताना मी फक्त हॅश पाठवतो, अनोळखी फायली आपोआप चढवण्याचा पर्याय बंद ठेवतो. कारण तिथे चढवलेली फाइल तिथल्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांना उतरवता येते, आणि गिऱ्हाइकाची फाइल दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

आता हायजॅकधिसच्या सध्याच्या वारसाविषयी. ट्रेंड मायक्रोने खुल्या केलेल्या कोडवरून ॲलेक्स ड्रॅगोकास या नावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरने नवी शाखा काढली; ती हायजॅकधिस फोर्क आणि आता हायजॅकधिस प्लस या नावाने गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर मिळते. तीही व्हिज्युअल बेसिक ६ मध्येच लिहिलेली आहे, म्हणजे ३२-बिटच, पण तिला ६४-बिट विंडोजची रचना माहीत आहे. विंडोज त्या वळशाशिवाय खरा सिस्टिम३२ दाखवायला तयार असते, फक्त प्रोग्रॅमने तसे मागावे लागते. जुने टूल मागत नव्हते, हे मागते. त्यामुळे तुमच्या त्रेसष्ट ओळी तिथे नाहीशा झालेल्या दिसतील, आणि शेड्यूल्ड टास्क, डब्ल्यूएमआय या विंडोजच्या अंतर्गत यंत्रणेतल्या नोंदी यांसारख्या, पूर्वी कधीच न दिसलेल्या ओळी दिसतील. कोड कोणालाही वाचता येतो, ही तिची जमेची बाजू. भार मुख्यतः एका माणसावर आहे, ही तिची उणी बाजू.

मी तिची शिफारस करतो का? तुमच्या दुकानात, तुमच्या हाताखाली, घरगुती मशीनवर, होय. बँकेच्या, पतसंस्थेच्या किंवा सरकारी कार्यालयाच्या मशीनवर, नाही. तिथे बाहेरून आणलेला प्रोग्रॅम चालवायला लेखी परवानगी लागते आणि मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या ऑटोरन्सबद्दल ती मिळवणे सोपे जाते. शिवाय लॉग वाचायचा सराव नसेल तर ऑटोरन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याची सोय आहे, त्यामुळे यादी आटोपशीर होते आणि भलतीकडे टिक होण्याचा धोका कमी होतो. तिथली आणखी एक गोष्ट मला आवडते: खूण काढली की नोंद बंद पडते, पण नाहीशी होत नाही, चुकले तर परत खूण करता येते. हायजॅकधिसही बॅकअप ठेवते, पण आपल्याच फोल्डरमध्ये ठेवते. झिपच्या आतून किंवा टेम्पमधून ते चालवणाऱ्यांचे बॅकअप सफाईत वाहून गेल्याचे मी पाहिले आहे. म्हणून त्याला नेहमी स्वतंत्र फोल्डर करून द्या.

शेवटी तुमच्या मशीनविषयी. तुम्ही त्रेसष्ट ओळींत इतके गुंतलात की लॉगमधल्या ज्या ओळीकडे माझे लक्ष गेले तिच्याबद्दल काहीच विचारले नाही. ती ओ१७ ची ओळ आहे, जिच्यात ‘नेमसर्व्हर’ म्हणून दोन पत्ते दिले आहेत. ही ओळ जुने टूलही बरोबर वाचते, कारण रजिस्ट्रीचा तो भाग ३२ आणि ६४-बिटला सामाईक आहे. तिचा अर्थ असा की या मशीनवर डीएनएसचे पत्ते राउटरकडून आपोआप आलेले नाहीत, कोणीतरी हाताने किंवा प्रोग्रॅमने बसवले आहेत. एके काळी याच ओळीत ८५.२५५ ने सुरू होणारा पत्ता दिसला की आम्ही पुढचे वाचायचेच थांबायचो. तो डीएनएसचेंजर या व्हायरसचा शिक्का असे. त्यामागच्या टोळीने शंभराहून अधिक देशांतली सुमारे ४० लाख मशीन आपल्या सर्व्हरकडे वळवली होती. एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियातल्या सूत्रधारांना पकडवले, आणि त्या तपासाला मदत करणाऱ्यांत ट्रेंड मायक्रोही होती.

तुमचे दोन पत्ते त्यातले नाहीत आणि ते वाईटच असतील असेही मी म्हणत नाही. पुष्कळदा केबलवाल्याचा मुलगा ‘नेट जोरात चालेल’ म्हणून स्वतःच्या पसंतीचे डीएनएस भरून जातो. म्हणून आधी गिऱ्हाइकाला आणि केबलवाल्याला विचारा की हे पत्ते कोणी भरले. कोणीच भरले नसतील तर ते कागदावर लिहून ठेवा, ॲडॉप्टरची सेटिंग आपोआप पत्ता घेण्यावर आणा आणि राउटरचा पासवर्डही बदलून टाका. त्याआधी किंवा नंतर, पण नक्की, क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कोणकोणत्या संकेतस्थळांना दिली आहे ते पाहा. माझ्याकडे अलीकडे जाहिरातींच्या तक्रारीने येणाऱ्या बहुतेक मशीनांत व्हायरस नसतोच. कोणीतरी सिनेमा पाहण्याच्या नादात ‘अलाउ’ दाबलेले असते, आणि ती परवानगी ना जुन्या हायजॅकधिसला दिसते ना ऑटोरन्सला. हे दोन्ही करूनही जाहिराती थांबल्या नाहीत, तर नव्या आवृत्तीने फक्त स्कॅन करून लॉग काढा, कशालाही टिक न करता, आणि गिऱ्हाइकाचे नाव जिथे जिथे येते तिथे खोडून मला दाखवा. पेनड्राइव्हवरचा २.०.२ पुसू नका. विंडोज एक्स्पीवर चालणारे एखादे जुने ३२-बिट मशीन अजून कुठल्या तरी वजनकाट्यावर किंवा छापखान्यात भेटतेच, आणि तिथे तो आजही खरे सांगतो.